संरचित आशय व त्याचे प्रकटन

संरचित आशय व त्याचे प्रकटन : मजकुराचा प्रत्येक भाग कसा दिसावा हे न सांगता तो भाग काय आहे हे सांगणाऱ्या खुणांसह साठविलेल्या मजकुरास संरचित आशय म्हणतात, आणि अशा आशयाला वाचकासमोर दृश्य वा श्राव्य रूप देण्याच्या क्रियेस प्रकटन म्हणता येईल. ‘हा शब्द जाड ठशात छापा’ ही रूपाविषयीची सूचना होय. ‘हे प्रकरणाचे शीर्षक आहे’ हे रचनेविषयीचे विधान होय. पहिली सूचना एका विशिष्ट यंत्रापुरती व एका विशिष्ट पानापुरती उपयोगी पडते. दुसरे विधान यंत्र बदलले, पानाचा आकार बदलला किंवा वाचणारी व्यक्ती डोळ्यांऐवजी कानांनी वाचू लागली, तरी खरे राहते. आज संकेतस्थळे व ज्यांना वेब ॲप म्हणतात ते अनुप्रयोग यांतील बराचसा मजकूर आशय-व्यवस्थापन प्रणालींमध्ये दुसऱ्या प्रकारे साठविला जातो व वाचनाच्या वेळी त्याला रूप दिले जाते. या पद्धतीचा इतिहास मात्र महाजालाहून जुना असून त्याचा उगम मुद्रणव्यवसायात आहे.

पार्श्वभूमी : खिळ्यांच्या छपाईच्या काळात हस्तलिखित जुळाऱ्याच्या हाती जाण्यापूर्वी संपादक त्याच्या समासात व ओळींच्या मध्ये खुणा करीत असे. कोणता ठसा, किती पॉइंट, ओळ मधोमध की डावीकडे, हे त्या खुणांवरून जुळाऱ्यास समजे. इंग्रजीतील ‘मार्कअप’ हा शब्द या कामावरून आला. अनुभवी संपादक पुष्कळदा आकारमान न लिहिता केवळ ‘उपशीर्षक’ एवढेच लिही, कारण उपशीर्षक कसे जुळवावयाचे याचा संकेत त्या छापखान्यात ठरलेला असे. रचना व रूप यांचा हा भेद तेव्हा कोणी सिद्धांत म्हणून मांडला नव्हता, पण व्यवहारात तो रुळलेला होता.

१९६० नंतरच्या दशकात अक्षरजुळणीसाठी संगणक वापरात आले तेव्हा हा भेद पुसला गेला. यंत्राला संकेत कळत नाहीत, आज्ञा कळतात. म्हणून मजकुरातच यंत्राच्या आज्ञा पेरल्या जाऊ लागल्या. प्रत्येक उत्पादकाच्या यंत्राच्या आज्ञा निराळ्या असत. प्रकाशकाने यंत्र बदलले, की फितींवर साठविलेला मजकूर शब्दशः तोच असूनही निरुपयोगी ठरे. पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढताना सर्व मजकूर पुन्हा टंकित करावा लागल्याचे प्रसंग त्या काळी नवलाचे नव्हते.

या अडचणीवरील उपाय जाहीरपणे प्रथम मांडण्याचे श्रेय बहुधा विल्यम टनिक्लिफ यांना दिले जाते. ग्राफिक कम्युनिकेशन्स असोसिएशन या संस्थेच्या जुळणीविषयक समितीचे ते अध्यक्ष होते. सप्टेंबर १९६७ मध्ये कॅनडाच्या शासकीय मुद्रणालयात भरलेल्या बैठकीत त्यांनी दस्तऐवजातील माहिती व तिची मांडणी या दोन गोष्टी अलग ठेवाव्यात, असे प्रतिपादन केले. त्याच सुमारास न्यूयॉर्कमधील ग्रंथरचनाकार स्टॅन्ली राइस हे संपादकीय घटकांची एक सर्वसामान्य सूची तयार करावी, या मताचा पुरस्कार करीत होते.

जीएमएल व एसजीएमएल : या कल्पनेला चालते रूप १९६९ मध्ये आयबीएम या कंपनीत मिळाले. चार्ल्स गोल्डफार्ब हे मूळचे कायद्याचे पदवीधर व वकील. वकिलांच्या कार्यालयांसाठी एक एकात्मिक माहितीप्रणाली तयार करण्याचे काम त्यांच्याकडे आले. तेथे मजकूर संपादित करणारी, त्यात शोध घेणारी व तो छापणारी अशा तीन आज्ञावल्या होत्या आणि एकीच्या खुणा दुसरीला समजत नव्हत्या. गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर व रेमंड लोरी या तिघांनी यंत्राच्या आज्ञांऐवजी घटकांची नावे लिहिणारी भाषा बनविली. जीएमएल या तिच्या नावात तिघांच्या आडनावांची आद्याक्षरे आहेत. त्या अक्षरांवर बसणारे ‘सर्वसामान्य मार्कअप भाषा’ या अर्थाचे इंग्रजी नाव त्यांनी योजिले. शीर्षकासाठी ‘एच-१’, परिच्छेदासाठी ‘पी’, यादीतील कलमासाठी ‘एलआय’ अशा तिच्या आखूड खुणा होत्या. याच खुणा पुढे जगातील असंख्य पानांत लिहिल्या गेल्या, ही हकीकत पुढे येईल.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने १९७८ मध्ये या विषयासाठी समिती नेमली. तिच्या कामातून एसजीएमएल ही प्रमाणित भाषा सिद्ध झाली व ऑक्टोबर १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक क्र. ८८७९ म्हणून ती प्रसिद्ध झाली. त्या मानकाचा मजकूरही, शब्दाला जागून, एसजीएमएलवर चालणाऱ्या प्रणालीनेच छापण्यात आला. ती प्रणाली जिनीव्हाजवळील सर्न या अणुसंशोधन संस्थेतील आंडर्स बेरग्लुंड यांची होती. एसजीएमएलचे वैशिष्ट्य असे, की तिने खुणांची एकच सूची ठरवून दिली नाही. प्रत्येक प्रकारच्या दस्तऐवजासाठी स्वतंत्र व्याकरण लिहिण्याची सोय तिने केली. कायद्याच्या पुस्तकात ‘कलम’ असेल, शब्दकोशात ‘व्युत्पत्ती’ असेल, विमानाच्या दुरुस्तिपुस्तिकेत ‘इशारा’ असेल. आणि ‘इशारा’ हा कृतीच्या आधीच आला पाहिजे, नंतर नव्हे, असा नियम यंत्राकडून तपासून घेता येईल.

याच्या नेमकी उलट दिशा कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात घेतली गेली. बटलर लॅम्पसन व चार्ल्स सिमोनी यांनी १९७४ मध्ये तयार केलेल्या ‘ब्राव्हो’ या आज्ञावलीत, कागदावर जसे उमटणार तसेच पान पडद्यावर दिसे. लेखकाला खुणा शिकण्याची गरज उरली नाही. ही सोय इतकी मोहक होती, की पुढील काळातील कार्यालयीन संगणकांवर तिनेच राज्य केले. लेखकाला आपले पान पाहावयाचे असते, ही मागणी रास्त आहे. रचनावाद्यांनी तिची पुष्कळ काळ हेटाळणी केली आणि त्यांच्या पद्धती तज्ञांपुरत्या मर्यादित राहण्याचे ते एक मोठे कारण होय.

एका कोशाचे उदाहरण : संरचित आशयाचा लाभ कोणता, हे ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या उदाहरणावरून जितके स्पष्ट होते तितके कदाचित दुसऱ्या कशावरूनही होत नाही. हा कोश १८८४ ते १९२८ या काळात भागशः प्रसिद्ध झाला व १९७२ ते १९८६ या काळात त्याला चार पुरवणी खंड जोडले गेले. मूळ कोश व पुरवण्या एकत्र करून नवी आवृत्ती काढावी, असे ठरले. त्यासाठी सर्व मजकूर संगणकावर घेणे भाग होते. १९८४ मध्ये कामाला आरंभ झाला. १२० हून अधिक टंकलेखकांनी सु. ३५ कोटी अक्षरे टंकित केली व इंग्लंडमध्ये ५५ मुद्रितशोधकांनी ती तपासली.

येथे निर्णयाचा प्रश्न होता. मूळ कोशात ठशांची योजना अतिशय विचारपूर्वक केलेली होती. शीर्षशब्द, उच्चार, व्युत्पत्ती, अर्थाचा क्रमांक, अवतरणाचे वर्ष, ग्रंथकाराचे नाव यांना वेगवेगळे ठसे होते. ते ठसे जसेच्या तसे उतरवून घेतले असते तरी छापील पान हुबेहूब निघाले असते. पण तिरपा ठसा ग्रंथनामालाही आहे व परकीय शब्दालाही आहे. ‘तिरपे’ एवढेच नोंदविले, तर या दोहोंतील भेद यंत्राच्या दृष्टीने कायमचा नाहीसा झाला असता. म्हणून रूपाऐवजी घटकांच्या खुणा घालण्यात आल्या. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाने त्या रचनेत शोध घेण्याची साधने बनविली. जॉन सिम्पसन व एडमंड वीनर यांच्या संपादकत्वाखाली १९८९ मध्ये २० खंडांची दुसरी आवृत्ती छापून निघाली. तीच सामग्री १९९२ मध्ये तबकडीवर व २००० मध्ये महाजालावर आली. अमुक वर्षी प्रथम आढळलेले सर्व शब्द, अमुक भाषेतून आलेले सर्व शब्द, असे प्रश्न आता वाचकाला विचारता येऊ लागले. छापील कोशात या प्रश्नांची उत्तरे होतीच. पण ती काढण्यासाठी कुणाला तरी सर्व पाने उलटावी लागली असती.

मराठी विश्वकोशाच्या छापील खंडांतही अशी रचना ठशांतून व चिन्हांतून व्यक्त झालेली आढळते. शब्दापूर्वी बाणाची खूण असली, की त्या विषयावर स्वतंत्र नोंद आहे असे वाचक समजतो. बाण हे रूप आहे. ‘येथून तेथे जावे’ हा संबंध ही रचना आहे. पडद्यावर बाणाची गरज उरत नाही, शब्दालाच स्पर्श करून त्या नोंदीकडे जाता येते; मात्र त्यासाठी बाणाचे चित्र नव्हे, तर तो संबंध साठविलेला असावा लागतो.

महाजालाचा उदय : सर्नमध्ये एसजीएमएलच्या खुणा आधीपासून वापरात होत्या. टिम बर्नर्झ-ली यांनी १९८९ मध्ये तेथेच महाजालाची योजना मांडली व त्याच्या पानांसाठी एचटीएमएल ही भाषा रचताना याच परिचित खुणा घेतल्या. १९९१ मधील तिच्या पहिल्या वर्णनात सु. १८ खुणा होत्या. शीर्षक, परिच्छेद, यादी ही नावे जीएमएलपासून चालत आलेली होती. नवी व निर्णायक भर होती ती एका दस्तऐवजातून दुसऱ्याकडे नेणाऱ्या दुव्याची. मूळ कल्पनेप्रमाणे पान कसे दिसावे, हे ठरविण्याचा अधिकार वाचकाच्या ब्राउझरला होता.

महाजाल लोकप्रिय होताच हा अधिकार टिकला नाही. १९९३ मध्ये मोझॅइक व १९९४ मध्ये नेटस्केप हे ब्राउझर आले. व्यापारी संस्थांना आपले पान छापील माहितीपत्रकासारखे हवे होते आणि ब्राउझरांच्या उत्पादकांनी ठसा, रंग, मध्यरेषा, इतकेच नव्हे तर लुकलुकणारी अक्षरे यांसाठी खुणा पुरविल्या. सारणी ही आकडे मांडण्यासाठी असलेली रचना पानाचे स्तंभ पाडण्यासाठी राबविली जाऊ लागली. ठसा ठरविणारी खूण जानेवारी १९९७ च्या प्रमाणित आवृत्तीत अधिकृत झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमधील आवृत्तीत ती टाळावी असे सांगण्यात आले, यावरून त्या काळातील ओढाताणीची कल्पना येईल. १९६० नंतरच्या दशकातील छापखान्यांची चूक तीस वर्षांनी दुसऱ्या क्षेत्रात पुन्हा घडली, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. अंध वाचकांना याचा विशेष त्रास झाला. पडदा वाचून दाखविणाऱ्या आज्ञावलीला मोठ्या व जाड अक्षरांतील ओळ शीर्षक आहे हे समजत नाही. शीर्षकाची खूण असेल तरच एका शीर्षकावरून पुढच्या शीर्षकावर जाता येते. बोलक्या पुस्तकांसाठी १९९६ मध्ये स्थापन झालेल्या डेझी या आंतरराष्ट्रीय संघाने आपले मानक संरचित मजकुरावर उभारले.

दुरुस्तीचा मार्ग होकन व्हियम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये सुचविला होता. पानाचे रूप वेगळ्या नियमावलीत लिहावे व ती पानाला जोडावी, अशी त्यांची योजना होती. बर्ट बोस यांच्या सहकार्याने ती सीएसएस या नावाने सिद्ध झाली व डिसेंबर १९९६ मध्ये प्रमाणित झाली. फेब्रुवारी १९९८ मध्ये एसजीएमएलचे सुटसुटीत रूप असलेली एक्सएमएल व नोव्हेंबर १९९९ मध्ये एका रचनेचे दुसऱ्या रचनेत रूपांतर करणारी एक्सएसएलटी ही भाषा मान्य झाली. एक्सएसएलटीचा प्रसार तज्ञांपलीकडे फारसा झाला नाही. तरी प्रत्येक प्रकारच्या घटकासाठी एक साचा आणि सर्व वृक्षरचना क्रमाने हिंडून त्या साच्यांची योजना, ही तिची कार्यपद्धती आजच्या प्रकटनाची पूर्वपीठिका आहे.

आशय-व्यवस्थापन प्रणाली : पाने शेकड्यांनी वाढल्यावर ती एकेक करून लिहिणे अशक्य झाले. मजकूर विदागारात ठेवावा व मागणी येताच साच्यात बसवून पान तयार करावे, अशी व्यवस्था असलेल्या प्रणाली १९९० नंतरच्या दशकात निघाल्या. २००१ मध्ये द्रुपल व २००३ मध्ये वर्डप्रेस या विनामूल्य प्रणाली आल्यावर हे साधन सामान्य लेखकाच्या हाती पोहोचले. वर्डप्रेसमध्ये लेखाचे शीर्षक, दिनांक व लेखक यांना स्वतंत्र रकाने होते; लेखाचे शरीर मात्र एकाच रकान्यात एचटीएमएलच्या रूपात राही. रचना लेखाच्या उंबऱ्यापर्यंत आली, आत शिरली नाही. आत लेखक चित्रे, रंग, स्तंभ यांची हवी तशी सरमिसळ करी आणि साचा बदलला, की जुने लेख विस्कटून जात. डिसेंबर २०१८ मधील पाचव्या आवृत्तीत लेख ठोकळ्यांचा बनविण्यात आला. तथापि ठोकळ्यांच्या खुणा त्याच रकान्यातील एचटीएमएलमध्ये टिपणांच्या रूपाने गुंफल्या गेल्या. जुने लेख वाचनीय राहावेत म्हणून केलेली ही तडजोड होती व ती समजण्याजोगी आहे.

वाचनाची साधने अनेक झाल्यावर हा प्रश्न अधिक तीव्र झाला. २००७ नंतर दूरध्वनीच्या लहान पडद्यावर वाचणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली. अमेरिकेतील एनपीआर या सार्वजनिक नभोवाणी संस्थेने २००८ मध्ये आपली सर्व बातमी-सामग्री इतर आज्ञावल्यांना मागता येईल अशा द्वाराने खुली केली. संस्थेतील डॅनिएल जेकबसन यांनी २००९ मध्ये या धोरणाचे विवरण प्रसिद्ध केले. एकदा लिहावे व सर्वत्र प्रसिद्ध करावे, हे त्याचे सूत्र होते. बातमी साठविताना ती संकेतस्थळावर, दूरध्वनीवर की सहयोगी केंद्राच्या पानावर दिसणार, याचा विचार करावयाचा नाही. शीर्षक, आखूड शीर्षक, सारांश, ध्वनिफीत, परिच्छेद हे वेगवेगळे ठेवावयाचे व ज्याने त्याने हवे ते उचलावयाचे. याच तत्त्वावर पुढील दशकात ज्यांना स्वतःचे दर्शनी पान नाही अशा प्रणाली निघाल्या. बर्लिनमधील कंटेंटफुल व ऑस्लोमधील सॅनिटी ही त्यांची उदाहरणे होत. दर्शनी भाग नसल्यामुळे त्यांना इंग्रजीत ‘शीर्षहीन’ म्हणतात. मराठीत हे विशेषण काहीसे भयानक वाटते, पण भाव तोच आहे.

प्रकटनाची प्रक्रिया : या प्रणालींत लेख हा अक्षरांचा एक सलग प्रवाह नसून नामांकित घटकांची मालिका असते. सॅनिटीने प्रसिद्ध केलेल्या ‘पोर्टेबल टेक्स्ट’ या विनिर्देशाचे उदाहरण घेता येईल. त्यात परिच्छेद हा एक ठोकळा असतो व त्याची शैली, म्हणजे साधा परिच्छेद, दुसऱ्या पातळीचे शीर्षक, अवतरण इ., नावाने नोंदलेली असते. ठोकळ्याच्या आत मजकुराचे लहान तुकडे असतात आणि प्रत्येक तुकड्याबरोबर त्याला लागू असलेल्या खुणांची यादी असते. चित्र, नकाशा, सारणी हे स्वतंत्र प्रकारचे ठोकळे होत. हे सर्व जेएसओएन या साध्या लेखनपद्धतीत लिहिलेले असते.

अनुप्रयोग ही मालिका मागवून घेतो व त्याच्याजवळ असलेल्या कोष्टकानुसार तिचे प्रकटन करतो. या प्रकारचा ठोकळा आला तर हा दर्शक वापरावा, अशा जोड्यांचे ते कोष्टक असते. फेसबुक कंपनीने मे २०१३ मध्ये खुल्या केलेल्या रिअ‍ॅक्ट या संग्रहामुळे पडदा लहानलहान पुनर्वापरयोग्य दर्शकांतून उभारण्याची पद्धत रूढ झाली व अशा कोष्टकांशी ती सहज जुळली. तोच ‘अवतरण’ ठोकळा संकेतस्थळावर डावीकडे रेघ ओढून, घड्याळाच्या पडद्यावर दोन ओळींत व ध्वनिरूपात आवाजाच्या चढउताराने प्रकट होऊ शकतो; साठविलेल्या मजकुरात एका अक्षराचाही फरक करावा लागत नाही.

वर्णन सोपे असले तरी काम तितके सरळ नाही. याद्यांचेच पाहा : पोर्टेबल टेक्स्टमध्ये यादीतील प्रत्येक कलम हा सुटा ठोकळा असतो व त्यावर केवळ यादीचा प्रकार व त्याची पातळी लिहिलेली असते. पहिली, दुसरी, दुसरी, पहिली अशा पातळ्या वाचून यादीच्या आत यादी उभी करण्याची जबाबदारी प्रकटन करणाऱ्या आज्ञावलीची असते. तसेच एका वाक्यातील पहिले तीन शब्द जाड व त्यांतील शेवटचे दोन अधिक पुढचे दोन दुव्याचे असतील, तर या दोन व्याप्ती एकमेकींना छेदतात. एचटीएमएलला असा छेद चालत नाही, एक खूण पूर्णपणे दुसरीच्या आत असावी लागते. मग दुवा तोडावयाचा की जाड ठसा, हे ठरवावे लागते. ठसा तोडणे इष्ट, कारण तुटलेला दुवा वाचकाला दोन दुवे म्हणून भासतो.

हा छेदाचा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. मजकूर म्हणजे एकात एक बसणाऱ्या घटकांची क्रमबद्ध उतरंड होय, असा सिद्धांत स्टीव्हन डीरोझ, डेव्हिड ड्युरांड, एली मायलोनस व ॲलन रेनियर यांनी १९९० मध्ये मांडला. पद्याचा विचार करताच त्याला तडा जातो. वाक्य एका चरणात सुरू होऊन दुसऱ्याच्या मध्यावर संपते. ओवीच्या रचनेत तर हे नेहमीचे आहे. चरण हा एक घटक व वाक्य हा दुसरा. पण कोणताही एक दुसऱ्यात सामावत नाही. या आक्षेपांनंतर सिद्धांताच्या कर्त्यांपैकी काहींनी स्वतःच त्याला मुरड घातली.

सुरक्षिततेच्या दृष्टीनेही संरचित आशयाला महत्त्व आले. तयार एचटीएमएल विदागारातून काढून जसेच्या तसे पानावर ठेवले, तर त्यात कुणी दडविलेली आज्ञावली वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालू लागते. ऑक्टोबर २००५ मध्ये मायस्पेस या संकेतस्थळावर सॅमी कॅमकार या तरुणाने आपल्या परिचयपानात असा मजकूर ठेवला; जो ते पान पाही त्याच्या पानात तो उतरे. २० तासांच्या आत दहा लाखांहून अधिक पाने त्याने व्यापली व संकेतस्थळ काही काळ बंद ठेवावे लागले. रिअ‍ॅक्टमध्ये मजकूर नेहमी मजकूर म्हणूनच दाखविला जातो. तयार एचटीएमएल घालावयाचे असेल तर ज्या गुणधर्माचा उपयोग करावा लागतो, त्याच्या इंग्रजी नावातच ‘धोका पत्करून’ असा अर्थ मुद्दाम ठेवलेला आहे. घटकांच्या मालिकेतून प्रकटन करणाऱ्या अनुप्रयोगाला ते दार उघडावेच लागत नाही. मात्र दुव्यांचे पत्ते तपासण्याचे काम त्यालाही चुकत नाही.

या पद्धतीची एक उणीव तिच्या पुरस्कर्त्यांकडून फारशी बोलली जात नाही. जुने एचटीएमएल पान कसेही असले तरी कोणताही ब्राउझर ते दाखवू शकतो. उलट, एखाद्या संस्थेने ‘तुलना-सारणी’ नावाचा स्वतःचा ठोकळा निर्माण केला, तर त्याचा अर्थ लावणारा दर्शक त्या संस्थेच्या अनुप्रयोगात असतो, आशयात नसतो. अनुप्रयोग नव्याने लिहिला गेला व तो दर्शक राहून गेला, की ठोकळा विदागारात सुरक्षित असूनही वाचकासाठी अदृश्य होतो. म्हणून अनोळखी प्रकार आढळल्यास तो गुपचूप गाळू नये, निदान त्यातील शब्द साध्या परिच्छेदाच्या रूपात दाखवावेत व त्याची नोंद संपादकाकडे पाठवावी. याहून महत्त्वाचे म्हणजे ठोकळ्यांचे प्रकार व त्यांचा अर्थ यांचे लिखित विवरण आशयासोबतच जपून ठेवले पाहिजे. एसजीएमएलमध्ये दस्तऐवजाचे व्याकरण दस्तऐवजाला जोडलेले असे. ती शिस्त नव्या प्रणालींत सैल झाली आहे.

मराठी मजकूर : रूप साठवावे की अर्थ, या प्रश्नाची किंमत मराठी वाचकाने अक्षरांच्या पातळीवर मोजली आहे. १९९० नंतरची जवळजवळ दोन दशके मराठी पुस्तके, नियतकालिके व पहिली संकेतस्थळे ज्या टंकांत तयार होत, त्यांत प्रत्येक क्रमांक अक्षराचा नसून आकाराचा निदर्शक होता : उभी रेघ, अर्धा क, वेलांटी, रफार. ‘किल्ला’ या शब्दात दिसण्याच्या क्रमानुसार आधी वेलांटी व मग क साठविला जाई. प्रत्येक टंकनिर्मात्याचे क्रमांक निराळे. तो टंक वाचकाच्या यंत्रावर नसला, की पडद्यावर रोमन अक्षरांचा निरर्थक गोंधळ दिसे. शोध व वर्णानुक्रम तर अशक्यच होते.

याला पर्याय मात्र आधीपासून उपलब्ध होता. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये मान्य केलेल्या इस्की या संकेतात अक्षराचा उच्चारक्रम साठविला जाई. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांतील समान वर्णांना त्यात एकच क्रमांक होता व तोच मजकूर लिपी बदलून देवनागरीत, बंगालीत किंवा तेलुगूत दाखविता येई. आशय व प्रकटन यांच्या फारकतीचे हे एक सुंदर भारतीय उदाहरण होय. पुण्यातील प्रगत संगणन विकास केंद्राच्या जिस्ट तंत्रज्ञानाने त्याचा प्रसार केला. ऑक्टोबर १९९१ मधील युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीने देवनागरीचा विभाग इस्कीच्या १९८८ मधील रूपावरून घेतला; त्यात ‘कि’ हा क व त्यानंतर वेलांटी असा साठविला जातो आणि वेलांटी आधी दाखविण्याचे काम प्रकटनावर सोपविले जाते. विंडोज २००० या प्रणालीत ही सोय आल्यावर युनिकोड मराठी घरोघरी पोहोचू लागली व मे २००३ मध्ये मराठी विकिपीडिया सुरू झाला. जुन्या टंकांतील मजकूर क्रमांकांची कोष्टके करून परिवर्तित करता येतो. पण जोडाक्षरे व रफार यांच्या जागा चुकतात आणि प्रत्येक पान माणसाने पुन्हा तपासावे लागते.

मजकुराची भाषा कोणती, ही खूणही अशीच सहज वगळली जाते. युनिकोडमध्ये ल व श या अक्षरांना मराठी व हिंदीसाठी एकच क्रमांक आहे, जरी दोन्ही भाषांतील त्यांची रूढ वळणे भिन्न आहेत. काही टंकांत दोन्ही वळणे असतात व मजकूर मराठी असल्याची खूण पानावर असेल तर ब्राउझर मराठी वळण निवडतो. वाचून दाखविणारी आज्ञावलीही याच खुणेवरून मराठी उच्चार योजते. आशय-व्यवस्थापन प्रणालीत लेखाच्या भाषेसाठी रकाना ठेवला आणि तो भरलाही, तरी अनुप्रयोगाने प्रकटन करताना ती खूण पानावर उतरविली नाही, तर मराठी लेख हिंदी वळणाच्या ल व श यांसह दिसतो.